मार्क्सचे लंडनमधील बिऱ्हाड

कार्ल मार्क्सने खासगी मालमत्तेविषयी जितके लिहिले तितके क्वचितच कोणी लिहिले असेल. पण त्याच्या स्वतःच्या नावावर आयुष्यभरात एकही घर झाले नाही. लंडनमध्ये त्याची तेहतीस वर्षे गेली, ती सगळी भाड्याच्या जागेत. त्याच्या चरित्रात क्रांत्या, संघटना आणि वादविवाद यांना मोठे स्थान मिळते, घरभाड्याचा हिशेब मात्र तळटीपेत जातो. वास्तविक त्या कुटुंबातील कोण जगले आणि कोण गेले, हे पुष्कळदा या हिशेबानेच ठरवले.

मार्क्स लंडनला आला तो ऑगस्ट १८४९ च्या अखेरीस. पॅरिस, ब्रुसेल्स, कोलोन आणि पुन्हा पॅरिस असे चार वर्षांत एकामागून एक शहर त्याला सोडावे लागले होते. प्रशियाचे नागरिकत्व त्याने १८४५ सालीच सोडून दिले होते. सप्टेंबरात त्याची पत्नी जेनी तीन मुलांना घेऊन आली, तेव्हा चौथ्याचे दिवस भरत आले होते. जेनी सरदार घराण्यातली. तिचे वडील फॉन वेस्टफालेन प्रशियाच्या सेवेतले वरिष्ठ अधिकारी होते. चेल्सी भागात अँडरसन स्ट्रीटवर त्यांनी जागा घेतली. तेथेच ५ नोव्हेंबरला गिडोचा जन्म झाला.

परक्या देशातला पहिला धडा त्यांना या घराने शिकवला. घरमालकीण स्वतःच भाडेकरू होती आणि तिच्यावर मूळ मालकाची जप्ती आलेली होती. पुढचे भाडे तिला न देता थेट मूळ मालकाला द्यायचे, असा करार झाला होता. पण १८५० च्या वसंतात तिने करार नाकारला आणि पाच पौंडांची थकबाकी तत्काळ मागितली. पैसे नव्हते. बेलिफ आले, बिछाने, कपडे, बाळाचा पाळणा आणि मुलींची त्यातल्या त्यात बरी खेळणीही त्यांनी जप्तीत लिहून घेतली. पुढे पैशांची सोय झाली, तर जप्तीची वार्ता ऐकून औषधवाला, पाववाला, खाटीक आणि गवळी आपापली बिले घेऊन दारात उभे राहिले. त्यांची देणी फेडण्यासाठी बिछाने विकून गाडीत चढवले, तोवर सूर्य मावळला होता. सूर्यास्तानंतर सामान हलवणे इंग्रजी कायद्यात बसत नाही, हे या जर्मन कुटुंबाला कोठून ठाऊक असणार? घरमालक पोलिसांना घेऊन आला, भाडेकरू पळून जात आहेत असा आरोप झाला, आणि दोन-तीनशे माणसांच्या गर्दीसमोर बिछाने परत घरात न्यावे लागले. चार मुले असलेल्या कुटुंबाला जागा द्यायला कोणी तयार होईना.

अखेर सोहो भागात, डीन स्ट्रीटवर आसरा मिळाला. युरोपातून आलेले निर्वासित याच वस्तीत दाटीवाटीने राहत. त्या उन्हाळ्यात जेनी मदत मागायला हॉलंडला गेली. मार्क्सच्या मावशीचा नवरा लिऑन फिलिप्स तेथला सधन व्यापारी होता. (त्याच्या मुलाने आणि नातवाने १८९१ साली काढलेली दिव्यांची कंपनी आपल्याकडे रेडिओमुळे घरोघर पोहोचली.) पण क्रांतीच्या नावाला तो विटलेला होता, जेनी रिकाम्या हाताने परतली. नोव्हेंबरमध्ये गिडो आकडी येऊन गेला. तो जेमतेम वर्षाचा होता.

त्यानंतर त्याच रस्त्यावरच्या २८ क्रमांकाच्या घरात, वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत हे बिऱ्हाड हलले आणि जवळजवळ सहा वर्षे तेथे राहिले. भाडे वर्षाला बावीस पौंड. मार्क्स, जेनी, मुले आणि जेनीच्या माहेराहून आलेली मोलकरीण हेलेन डेमुथ ही सारी माणसे याच दोन खोल्यांत राहत. पाळतीवरच्या एका प्रशियन हेराने तेथे जाऊन वरिष्ठांना अहवाल पाठवला, तो आजही उपलब्ध आहे. एकही खुर्ची धड नाही, एकुलत्या मोठ्या टेबलावर हस्तलिखिते, खेळणी, शिवण आणि फुटके पेले एकत्र पडलेले, खोलीत तंबाखूचा धूर कोंदलेला, असे त्याने नोंदवले. पण पाहुण्याचे स्वागत मोकळेपणाने झाले आणि घरात बाप म्हणून हा माणूस अतिशय मायाळू आहे, हेही लिहायला तो विसरला नाही. जून १८५१ मध्ये याच खोल्यांत हेलेनला मुलगा झाला. त्याचे पितृत्व बहुतेक चरित्रकार मार्क्सचेच मानतात. मूल दुसऱ्या कुटुंबात वाढवायला दिले गेले, आणि जेनीने त्या काळात काय सोसले असेल हे त्या दोन खोल्यांनाच ठाऊक.

मार्क्स दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसे. कोट गहाण पडला की तेही बंद. उत्पन्न म्हणजे न्यूयॉर्क ट्रिब्यूनमधील लेखांचे, लेखामागे एक-दोन पौंड, आणि मँचेस्टरहून एंगल्स पाठवी ते पैसे. टपालात चोरी होऊ नये म्हणून एंगल्स नोटा मधोमध कापून दोन पाकिटांतून धाडत असे. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली त्याच १८५३ साली भारतातील ब्रिटिश राजवटीवरचे आणि रेल्वेच्या भवितव्यावरचे प्रसिद्ध लेख मार्क्सने लिहिले, ते याच पत्त्यावरून.

त्याआधीच, एप्रिल १८५२ मध्ये, वर्षाची फ्रान्झिस्का दगावली होती. शेजारच्या एका फ्रेंच निर्वासिताने दिलेल्या दोन पौंडांतून तिची शवपेटी आली. १८५४ साली सोहोत कॉलऱ्याने थैमान घातले. ब्रॉड स्ट्रीटवरचा तो कुप्रसिद्ध पंप येथून काही मिनिटांच्या अंतरावर होता. त्यातून हे कुटुंब वाचले. पण एप्रिल १८५५ मध्ये आठ वर्षांचा एडगर बापाच्या मांडीवर गेला. हा मुलगा घराचा जीव होता. उधारी थकलेला पाववाला दाराशी येऊन वडील घरी आहेत का विचारू लागला, तेव्हा ते वर नाहीत असे ठोकून देत आणि तीन पाव काखोटीला मारून हा पठ्ठ्या जिन्यावरून पसार झाला होता. मार्क्स या मृत्यूतून पुरता कधीच सावरला नाही.

जेनीच्या काकांच्या आणि आईच्या वारशाचे पैसे आले आणि १८५६ च्या शरद ऋतूत ही मंडळी शहराच्या उत्तरेला ग्राफ्टन टेरेसमध्ये राहायला गेली. भाडे छत्तीस पौंड. घर नवे, पण रस्ता अजून झालेला नव्हता; पावसाळ्यात तांबड्या मातीचा गोळा बुटाला चिकटून येई. येथे गरिबी संपली नाही, तिचा केवळ पोशाख बदलला. आता भाड्याबरोबर कर आले, मुलींच्या शाळेची फी आली, चारचौघांत शोभेल असे राहणे आले. १८६२ मध्ये मार्क्सने रेल्वेच्या कचेरीत नोकरीसाठी अर्ज केला. हस्ताक्षर वाईट म्हणून तो नाकारला गेला.

जानेवारी १८६३ मध्ये तर भाड्यापायी मैत्रीच तुटायची वेळ आली. एंगल्सची सहचरी मेरी बर्न्स अचानक वारली. सांत्वनाच्या पत्रात मार्क्सने दोन वाक्यांत दुःख आटोपले आणि उरलेले पत्र थकलेले भाडे, शाळेची फी, मुलींना नसलेले बूट यांनी भरून काढले. एंगल्स दुखावला. मार्क्सने माफी मागितली, तेव्हा त्याची योजना ठरलेली होती: दिवाळे जाहीर करायचे, थोरल्या दोघी मुलींनी गव्हर्नेसची नोकरी धरायची, हेलेनने दुसरे घर पाहायचे आणि उरलेल्या तिघांनी गरिबांसाठी बांधलेल्या धर्मादाय चाळीत जायचे. एंगल्सने जोखीम पत्करून शंभर पौंड उभे केले आणि बिऱ्हाड मोडता मोडता वाचले. एंगल्सचा हा मोठेपणा त्याच्या ग्रंथांहून कमी मोलाचा नाही.

पुढच्या वर्षी मार्क्सच्या आईचा आणि विल्हेल्म वोल्फ या मित्राचा वारसा मिळाला. मार्च १८६४ मध्ये मोडेना व्हिलाज येथे, वर्षाला पासष्ट पौंड भाड्याच्या प्रशस्त घरात हे कुटुंब गेले. मुलींना स्वतंत्र खोल्या आणि मार्क्सला बागेकडे तोंड असलेली अभ्यासिका मिळाली. इतके भाडे त्याला परवडणारे नव्हते, हे त्याला कळत होते. पण मुलींच्या भवितव्यासाठी तो अडून बसला. याच अभ्यासिकेत ‘कॅपिटल’चा पहिला खंड पुरा झाला आणि १८६७ साली हॅम्बुर्गला प्रसिद्ध झाला. त्यात कामगारांच्या कोंदट खोल्या, चढती भाडी आणि शहरसुधारणेच्या नावाखाली हुसकली जाणारी गरीब कुटुंबे यांची वर्णने आहेत. ती सरकारी आरोग्य अहवालांतून घेतलेली आहेत हे खरे, परंतु लिहिणाऱ्याने बेलिफ दारात पाहिला होता.

१८६९ पासून एंगल्सने वर्षाला साडेतीनशे पौंड बांधून दिले आणि भाड्याची चिंता मिटली. १८७४ मध्ये मार्क्सने ब्रिटिश नागरिकत्व मागितले; स्वतःच्या राजाशी एकनिष्ठ नसलेला माणूस असा पोलिसांचा शेरा पडला आणि अर्ज फेटाळला गेला. दोघी मुली सासरी गेल्यावर १८७५ मध्ये मेटलंड पार्क रोडवरच्या लहान घरात तो आला. तेथे २ डिसेंबर १८८१ रोजी जेनी गेली आणि १४ मार्च १८८३ च्या दुपारी आरामखुर्चीत मार्क्स गेला. मृत्युपत्र नव्हते, कोणत्याही देशाचे नागरिकत्व नव्हते. मालमत्ता अडीचशे पौंडांची भरली. घर रिकामे करून द्यायचे होते. धाकटी मुलगी एलिनॉर, एंगल्स आणि हेलेन यांनी कागदांचे गठ्ठे उपसायला सुरुवात केली. ‘कॅपिटल’च्या दुसऱ्या खंडाचे हस्तलिखित त्यांत सापडले. एंगल्सने ते आपल्या घरी नेले, आणि जवळजवळ चाळीस वर्षे मार्क्सचे बिऱ्हाड सांभाळलेली हेलेनही त्याच घरी राहायला गेली.