दुःखातून फुललेले हास्य

रंगभूमीवरील नट डोळ्यांना दिसतो. रेडिओवरील नटाचा मात्र केवळ आवाज ऐकू येतो. या आवाजाच्या बळावर लक्षावधी इंग्रज श्रोत्यांना खदखदून हसविणारा विनोदकार म्हणजे स्पाइक मिलिगन होय.

त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात असल्यामुळे त्याचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. पुढे हे कुटुंब इंग्लंडला गेले. संगीताची आवड असलेला हा तरुण तेथे ट्रम्पेट वाजवू लागला.

इतक्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मिलिगन तोफखान्यात दाखल झाला. १९४४ च्या जानेवारीत इटलीतील मॉन्ते कासिनोजवळ तो जखमी झाला. शरीराची जखम भरून आली. परंतु मनाला बसलेला हादरा कायमचा राहिला.

युद्धानंतर हॅरी सीकोम, पीटर सेलर्स इत्यादी मित्रांसह त्याने बीबीसी रेडिओवर २८ मे १९५१ पासून एक विनोदी कार्यक्रम सुरू केला. पुढे तो 'द गून शो' या नावाने गाजला. त्याचे बहुतेक लेखन मिलिगनच करी. १९५४ मधील एका भागात रात्रीच्या अंधारात लोकांवर पुडिंग फेकणाऱ्या अज्ञात इसमाचा शोध चालतो! असे अद्भुत प्रसंग तो केवळ संवाद आणि निरनिराळे ध्वनी यांच्या साहाय्याने श्रोत्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे करीत असे.

दर आठवड्यास नवे लिहिण्याचा भार मात्र त्याला सोसवेना. १९५२ च्या अखेरीस त्याचे मन खचले व त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. तरीही बरा होताच त्याने पुन्हा लेखणी उचलली. जानेवारी १९६० पर्यंत या कार्यक्रमाचे दोनशेहून अधिक भाग झाले. १९६९ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या त्याच्या 'क्यू फाइव्ह' या मालिकेने विनोदाला नवी वाट दाखविली. मुलांसाठी त्याने गमतीदार कविताही लिहिल्या.

मनाच्या आजाराने त्याची पाठ जन्मभर सोडली नाही. लोक असे आजार लपवीत, त्या काळात तो त्याविषयी उघडपणे बोलला व लिहिता झाला. त्यामुळे अनेक समदुःखी जनांना धीर आला.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो निवर्तला. स्वतःचे दुःख सोसून इतरांच्या मुखावर हास्य फुलविणारा हा विनोदकार म्हणूनच आजही स्मरणात आहे.