फक्त नऊ पॉइंट

मित्रांनो, आधी दोन कबुल्या देते. पहिली म्हणजे मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरी जरा जड आहे. गेल्या वर्षीची मुलींची इंटर-कॉलेज बास्केटबॉल फायनल आपण एका पॉइंटने हरलो, तेव्हा शेवटचे दोन्ही फ्री थ्रो घालवणारी मीच होते. सगळ्या टीमने नशिबाला दोष दिला. मलाही तेच सोयीचं होतं! पण सुट्टीत विल्ट चेंबरलेनबद्दल वाचलं आणि ती सोय गेली.

विल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. उंची सात फूट एक इंच. पण नुसता उंच नव्हता हं! पळायचा, उंच उडी मारायचा, ताकद तर विचारूच नका. कॉलेजसाठी तो कॅन्ससला गेला आणि १९५७ साली त्याच्या टीमने राष्ट्रीय फायनल गाठली. समोर नॉर्थ कॅरोलायना. मॅच तीन ओव्हरटाईमपर्यंत लांबली. शेवटचे सहा सेकंद उरले असताना नॉर्थ कॅरोलायनाच्या जो क्विगने दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत. ५४-५३. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू विल्ट ठरला, पण कप दुसऱ्यांनी नेला. पुढे त्याच्या आयुष्यात हे इतक्यांदा घडलं, की लोक त्याला हरणारा माणूस म्हणू लागले.

कॉलेज सोडून तो एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर खेळला आणि १९५९ मध्ये एनबीएत आला. पहिल्याच सीझनला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान त्याला मिळाले. १९६१-६२ च्या सीझनमध्ये त्याची सरासरी होती मॅचमागे ५०.४ पॉइंट! २ मार्च १९६२ ला हर्शी नावाच्या छोट्या गावात न्यूयॉर्कविरुद्ध त्याने एकट्याने १०० पॉइंट केले. त्या रात्री ३२ फ्री थ्रोपैकी २८ आत गेले, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता नशिबाकडे येऊ. विल्टच्या वाटेत कायम एकच भिंत होती, बोस्टन सेल्टिक्स आणि त्यांचा सेंटर बिल रसेल. बोस्टनविरुद्धच्या चार सीरिज सातव्या मॅचपर्यंत गेल्या आणि चारही विल्टची टीम हरली. १९६२ ला १०९-१०७. १९६५ ला ११०-१०९. १९६८ ला १००-९६. १९६९ ला १०८-१०६. बेरीज करून बघा: दोन, एक, चार, दोन. एकूण नऊ पॉइंट. एका दिग्गजाचं आणि एका 'हरणाऱ्या'चं अंतर एवढंच!

१९६५ ची मॅच तर ऐकाच. पाच सेकंद बाकी, बोस्टन एका पॉइंटने पुढे, बॉल रसेलच्या हातात. त्याने बाहेरून बॉल आत टाकला आणि तो बोर्डला आधार देणाऱ्या तारेला लागला. नियमाप्रमाणे बॉल विल्टच्या टीमला. ही लॉटरीच होती, तीही विल्टच्या बाजूने. पण पुढचा पास येतोय हे बोस्टनच्या जॉन हॅवलिचेकने आधीच ओळखलं आणि मध्ये हात घातला. मॅच संपली. तार हे नशीब होतं, तो हात मात्र नशीब नव्हता.

१९६९ ला विल्ट लॉस एंजेलिस लेकर्समध्ये होता. सातवी मॅच घरच्या मैदानावर. मालकाने जिंकल्यावर सोडायला छताला फुगे बांधून ठेवले होते. चौथ्या क्वार्टरमध्ये विल्टचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. थोड्या वेळाने त्याला परत आत जायचं होतं, पण कोचने पाठवलं नाही. लेकर्सने मोठी पिछाडी भरून काढत एका पॉइंटपर्यंत गाठलं. मग बोस्टनचा एक बॉल निसटला आणि नेमका डॉन नेल्सनच्या हातात पडला. तो फ्री थ्रो लाइनजवळ उभा होता. त्याने घाईत मारला. बॉल रिमच्या मागच्या कडेवर आपटला, सरळ वर उडाला आणि खाली येऊन बास्केटमध्ये पडला. फुगे छतालाच राहिले.

नशीब? शंभर टक्के! तो बाऊन्स कुठल्याही प्रॅक्टिसने येत नाही. पण त्याच मॅचचा दुसरा आकडा बघा. विल्टने मैदानातून ८ पैकी ७ बास्केट केले, २७ रिबाऊंड घेतले, आणि फ्री थ्रो? १३ पैकी ४. त्याची करिअरची सरासरी ५१ टक्के, म्हणजे १३ पैकी साधारण साडेसहा. स्वतःच्या सरासरीइतके जरी पडले असते तरी दोन-तीन पॉइंट वाढले असते. हरले दोनने! अर्थात तेवढे पडले असते तर मॅचही वेगळी झाली असती, पण नेल्सनच्या बाऊन्सवर सगळं टांगलेलं राहिलं नसतं.

खरं दुःख पुढेच आहे. विल्टकडे यावर इलाज होता. १९६१-६२ मध्ये तो फ्री थ्रो दोन्ही हातांनी खालून, पायांमधून झुलवत टाकायचा. त्या सीझनला त्याची टक्केवारी ६१ होती. शंभर पॉइंटच्या रात्रीचे २८ असेच आले. मग त्याने ती पद्धत सोडली. का? लाज वाटायची. चुकतंय हे कळत असूनही आपण बायकी दिसतो या भीतीने सोडली, हे त्याने पुढे आत्मचरित्रात मान्य केलं. १९६७-६८ मध्ये टक्केवारी ३८ वर आली. १९७० च्या फायनलच्या सातव्या मॅचला तर ११ पैकी १!

मग नशीब की कौशल्य? आपल्या प्रोबॅबिलिटीच्या चॅप्टरमधलं गणित करून बघा. एखादी टीम प्रत्येक मॅच जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर सात मॅचची सीरिज ती जिंकण्याची शक्यता साधारण ६१ टक्केच येते. म्हणजे शंभरातल्या ३९ सीरिज कमी ताकदीची टीम नेणार. नशिबाला जागा आहेच. पण बोस्टनने १९५९ ते १९६६ सलग आठ वेळा चॅम्पियनशिप जिंकली. साधं नाणंही सलग आठ वेळा छापा पडायची शक्यता २५६ मध्ये एक. नुसतं नशीब इतकं टिकत नाही हो!

विल्ट शेवटी जिंकला, दोनदा. १९६७ ला फिलाडेल्फियाकडून, तेव्हा त्याने स्वतः कमी मारले आणि पास जास्त दिले. त्या वर्षी ६८ मॅच जिंकल्या, १३ हरल्या आणि वाटेत बोस्टनलाही ४-१ ने उडवलं. १९७२ ला लेकर्सकडून, ज्यांनी त्या सीझनला सलग ३३ मॅच जिंकल्या होत्या. चौथ्या मॅचला त्याचा हात मोडला, तरी पाचवीत २४ पॉइंट आणि २९ रिबाऊंड! दोन्ही वेळा त्याची टीम इतकी पुढे होती, की एका बाऊन्सला काही बिघडवायला जागाच उरली नाही. मला वाटतं उत्तर इथे आहे. नशीब शेवटच्या दोन पॉइंटांत राहतं. तिथपर्यंत मॅच न्यायची की नाही, हे बरंचसं आपल्या हातात असतं.

१२ ऑक्टोबर १९९९ ला विल्ट हार्टच्या आजाराने गेला. वय ६३.

माझे ते दोन फ्री थ्रो रिमला लागून बाहेर आले होते. नशीब म्हणता येईल. पण त्याआधीच्या महिन्यात मी किती प्रॅक्टिस केली होती, हे मला माहीत आहे आणि आमच्या कोच सरांनाही. या वर्षी रोज पन्नास टाकते, दोन्ही हातांनी, खालून. हॉस्टेलची पोरं कठड्यावर बसून हसतात. हसू देत. मी मोजत असते, आणि आकडा वाढतोय.