पोटाच्या दुखण्यावर संमोहनाचा उपचार? याचं मूळ गोव्याच्या एका पाद्र्यापर्यंत जातं

सोनोग्राफी नॉर्मल. एंडोस्कोपी नॉर्मल. रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल. तरी पोट दुखायचं काही थांबत नाही.

जेऊरसारख्या गावातून सोलापूर-पुण्याच्या खेपा घालून आलेल्या पेशंटला मग घरातच ऐकावं लागतं की तुला काही झालेलं नाही, सगळं मनाचं नाटक आहे.

मन शरीरावर नेमकं काय करतं, हे शोधणारा एक माणूस दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो गोव्याचा होता. आणि त्यालाही लोकांनी नाटकीच ठरवलं.

त्यांचं नाव जोझे कुस्तोदिओ दे फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखतं. फ्रेंचमध्ये आबे म्हणजे पाद्री.

फारियांचा जन्म मे १७५६ मध्ये बारदेशातल्या कांदोळीचा. आईवडील वेगळे झाले. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यात नन झाली. १७७१ मध्ये पंधरा वर्षांचे फारिया वडिलांसोबत पोर्तुगालला निघाले. पुढे रोममध्ये शिकून तेही पाद्री झाले.

गोव्यात त्यांची एक आख्यायिका आजही सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला ते उभे राहिले आणि घाबरून त्यांची बोबडीच वळली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं की समोर बसलेत तो सगळा भाजीपाला आहे, काप बिनधास्त. भीती पळाली आणि फारिया धडाधड बोलायला लागले.

१७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध पिंटोंचा उठाव झाला. बापलेकांवर संशय आला. फारियांनी फ्रान्स गाठलं आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९५ मध्ये एका तुकडीचं नेतृत्वही केलं.

पण त्यांचं खरं काम सुरू झालं १८१३ मध्ये, पॅरिसमध्ये.

त्या काळी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरचा बोलबाला होता. आपल्या शरीरातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्यानेच रोगी बरे होतात, असा त्याचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने असा द्रवच नसल्याचं सांगितलं. जे घडतं ते कल्पनेमुळे, असं म्हणून विषय मिटवला.

फारियांनी तिथूनच पुढे विचार केला. कल्पनेने शरीरात बदल होत असेल, तर ती कल्पनाच अभ्यासायला हवी. ते माणसाला शांत बसवत, लक्ष एकाग्र करायला लावत आणि झोपायची आज्ञा देत. ताकद आपल्या हातात नाही, समोरच्याच्या मनात आहे, असं ते सांगत. त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. ही झोप पातळ रक्ताच्या लोकांना लवकर लागते, असंही त्यांना वाटायचं. पण आधुनिक संमोहनाचा पाया याच विचारावर उभा आहे.

मग एका नटाने त्यांच्या कार्यक्रमात झोप लागल्याचं सोंग केलं आणि सगळ्यांसमोर त्यांना उघडं पाडल्याचा आव आणला. १८१६ मध्ये त्यांची टिंगल करणारं नाटकही आलं. गर्दी आटली. २० सप्टेंबर १८१९ रोजी फारिया गेले. त्यांच्या कबरीवर साधं नावही नव्हतं. त्यांचं पुस्तक आलं तेही त्याच वर्षी.

पुढे त्यांची दखल घेतली ती पोर्तुगालचे मेंदूतज्ज्ञ एगास मोनिज यांनी. १९२५ मध्ये त्यांनी फारियांवर पुस्तक लिहिलं. दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, याच मोनिज यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसतील असं तंत्र शोधलं.

आज मेंदूचं काम चालू असताना त्याचं चित्र घेता येतं. १९९७ च्या एका प्रयोगात लोकांना दुखेल इतक्या गरम पाण्यात हात घालायला लावला. पाणी तेवढंच गरम, पण संमोहनातल्या सूचनेनुसार त्रास कमी-जास्त वाटला. आणि मेंदूतल्या एका ठरावीक भागाची हालचालही तशीच बदलली. म्हणजे ते सोंग नव्हतं.

पोटाचंही तसंच आहे. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी असतात आणि त्यांचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. आयबीएससारख्या आजारात आतडं दिसायला ठीक असतं, पण हे बोलणं बिघडलेलं असतं. साधा गॅसही मग कळ होऊन जाणवतो. तपासण्या नॉर्मल येतात, पण दुखणं खरंच असतं.

१९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या आयबीएसच्या ३० पेशंटवर अभ्यास केला. संमोहन मिळालेल्यांना इतरांपेक्षा बराच जास्त आराम पडला. वर्षभर औषध घेऊनही फरक न पडणाऱ्यांसाठी ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये आता हा पर्याय आहे.

अर्थात शौचातून रक्त जाणं, वजन घटणं अशी लक्षणं असतील तर आधी डॉक्टरच गाठायचा. आणि संमोहनही प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यायचं.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी फारियांचा पुतळा आहे. एक बाई मागे कलंडतेय आणि ते तिच्यावर हात पसरून उभे आहेत. पाहणाऱ्याला वाटतं की सगळी जादू त्या हातांत आहे. फारिया मात्र आयुष्यभर याच्या नेमकं उलट सांगत राहिले.