इंटरफेरॉन शोधणारा अलिक आयझॅक्स

एका विषाणूने पेशीत ठाण मांडले की दुसऱ्याला तेथे सहसा थारा मिळत नाही, हे १९३०च्या दशकातच लक्षात आले होते. मात्र त्यामागचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधले अलिक आयझॅक्स यांनी.

आयझॅक्स यांचा जन्म १९२१ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. तेथेच वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते रुग्णसेवेऐवजी संशोधनाकडे वळले. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे त्यांनी फ्लूच्या विषाणूंचा अभ्यास केला आणि पुढे लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ते रुजू झाले.

तेथे स्विस सहकारी जाँ लिंडेनमन यांच्यासह त्यांनी एक साधा प्रयोग केला. कोंबडीच्या अंड्यातील गर्भावरणाचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या फ्लूच्या विषाणूंसोबत ठेवले. नंतर भोवतालचा द्रव काढून त्यात नवे तुकडे टाकले, तर त्यांच्यात जिवंत विषाणू वाढेना. म्हणजे बाधित पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारा एक पदार्थ सोडत होत्या. १९५७ मध्ये त्याला इंटरफेरॉन हे नाव मिळाले.

विषाणूंवरचे रामबाण औषध सापडले, अशी आशा निर्माण झाली. पण हे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळेना. काही शास्त्रज्ञांनी त्याची टिंगलही केली. आयझॅक्स यांना नैराश्याने ग्रासले. १९६४ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला. तरीही ते काम करीत राहिले. १९६७ मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शुद्ध इंटरफेरॉन हाती आले ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस.

तेव्हा उमगले, की इंटरफेरॉन हे एक प्रथिन नसून निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांचे कुटुंब आहे. या निरोपाचा परिणामही नेहमी सारखा नसतो. दूषित अन्नातून पसरणारा लिस्टेरिया हा जिवाणू उंदरांना टोचला, की तो यकृत आणि प्लीहेत वाढतो. गॅमा इंटरफेरॉन तेथील भक्षक पेशींना जिवाणू मारण्यास सज्ज करते. त्याचा निरोप न पोहोचणारे उंदीर थोड्याशा जिवाणूंनीही दगावतात. अल्फा आणि बीटा इंटरफेरॉनचे मात्र उलटे. त्यांचा निरोप न घेणारे उंदीर या संसर्गाला अधिक तोंड देतात, असे २००४ मध्ये दिसून आले. कारण तो निरोप मिळाल्यावर संसर्गात लिम्फोसाइट या संरक्षक पेशीच अधिक मरतात.

आयझॅक्स यांचा पदार्थ पुढे यकृतदाह आणि काही कर्करोगांवर औषध म्हणून वापरात आला. त्याच्या इंजेक्शननंतर रुग्णाला अनेकदा ताप येतो, अंग दुखते. फ्लूमध्ये होणाऱ्या त्रासातही शरीराने स्वतः तयार केलेल्या इंटरफेरॉनचा वाटा असतो.