कुत्र्यांच्या गळ्यावरून मिठापर्यंत

म्हसावदच्या किराणा दुकानातल्या आयोडीनवाल्या मिठामागे अमेरिकेतली भटकी कुत्री आहेत, म्हटलं तर हसाल! डॉ. डेव्हिड मरीन (१८८०–१९७६) १९०५ मध्ये नोकरीसाठी क्लीव्हलँडला आले, तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांचे फुगलेले गळे त्यांच्या नजरेत भरले. थायरॉईड वाढलेली, म्हणजे गलगंड. पाण्या-अन्नात आयोडीनच कमी. शाळेतल्या मुलींना ते देऊ म्हटल्यावर क्लीव्हलँडवाले विषाच्या भीतीने अडून बसले. शेवटी १९१७ मध्ये शेजारचं अ‍ॅक्रन तयार झालं. विद्यार्थी किम्बॉल सोबतीला. आयोडीन घेतलेल्या २१९० मुलींपैकी फक्त ५ जणींचा गळा वाढला, न घेतलेल्या २३०५ पैकी तब्बल ४९५ जणींचा. १९२४ मध्ये मिशिगनच्या दुकानांत आयोडीनचं मीठ आलं. आपल्याकडे सरकारी गलगंड नियंत्रण कार्यक्रमाला १९६२ उजाडलं.