बाबासाहेबांचं श्रम खातं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला आपल्या शाळेतली ६ डिसेंबरची भाषणं आठवली. दरवर्षी तेच: महू, रामजी सुभेदार, चवदार तळं, राज्यघटना. मीही सातवीत तसंच पाठ करून बोलले आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी घेऊन कान्ह्याच्या फाटकापर्यंत नाचत गेले. १९४२ ते १९४६ या काळाबद्दल त्यात एक वाक्य नव्हतं. बाईंनी सांगितलं नव्हतं अशी तक्रार नाही; पुस्तकातच नव्हतं. पुढे इंजिनीअर झाले, नोकरीत बरीच वर्षं गेली, आणि मग ते वाचनात आलं.

शिक्षण थोडक्यात, कारण ते तुम्हा सर्वांना पाठ आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला डी.एस्सी. आणि बॅरिस्टर. १९२५ मध्ये त्यांचं एक पुस्तक आलं, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवर. केंद्राकडे काय, प्रांतांकडे काय, हा त्यातला प्रश्न. तो त्यांना पुन्हा भेटणार होता, नद्यांच्या काठी.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य झाले. नाव श्रम, पण त्या खात्यात सरकारी बांधकाम, खाणी, वीज, पाटबंधाऱ्यांचं केंद्राकडे असलेलं काम असं बरंच काही होतं. युद्ध चालू होतं. ते संपल्यावर घरी परतणाऱ्या सैनिकांना आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना काम कुठून द्यायचं, याची चिंता सरकारला होती. त्यासाठी पुनर्रचनेच्या समित्या नेमल्या गेल्या, आणि पाटबंधारे व वीज या विषयाच्या समितीचं अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आलं.

अडचण अशी की, १९३५ च्या कायद्याने पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता. नदीला ते माहीत नव्हतं. दामोदरच्या खोऱ्यात पाऊस पडायचा बिहारच्या डोंगरांत आणि पूर यायचा बंगालमध्ये. जुलै १९४३ मध्ये तिचा बांध फुटला, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला, भर युद्धात कलकत्त्याची वाट बंद झाली. दोन टीमच्या मधलं काम कुणाचंच नसतं आणि बिघाड नेमका तिथेच होतो, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. एका नोकरीत यावर उपाय म्हणून नुसत्या खुर्च्या बदलल्या. बिघाड होता तिथेच राहिला.

बाबासाहेबांच्या खात्याने काय केलं ते म्हणूनच मी दोनदा वाचलं. केंद्राला प्रांतांवर हुकूम चालवता येत नव्हता. पण मोजमाप, आराखडे आणि जाणकार इंजिनीअर एका जागी आणता येत होते. १९४४ मध्ये वीज विकासासाठी केंद्रीय तांत्रिक मंडळ उभं राहिलं. एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयनाचा केंद्रीय आयोग आला आणि त्याच्या प्रमुखपदी ए. एन. खोसला हे भारतीय इंजिनीअर. आजच्या केंद्रीय जल आयोगाचं मूळ तेच. दरम्यान ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र यांना त्यांनी एका टेबलाशी बसवलं. समोर नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा: एकाच नदीवर पूरनियंत्रण, सिंचन, वीज, सगळ्याचा हिशेब एकत्र. तिथला फूरडुइन नावाचा इंजिनीअर आराखड्यासाठी इकडे आलाच होता. जुलै १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ सुरू झालं. हे एकट्याचं काम नव्हे, अधिकारी आणि इंजिनीअर पुष्कळ होते. पण प्रांतांना बोलावून राजी करणं हे मंत्र्याचंच काम, आणि ते त्यांनी केलं. महाडला १९२७ मध्ये ओंजळभर पाण्यासाठी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या टेबलावर आता सगळ्या नद्यांचे नकाशे होते.

सगळं गोड नाही. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठली, तीही याच खात्याकडून. ती परत लागू व्हायला १९४६ उजाडलं. आणि धरणांनी हजारो कुटुंबं उठली. आपण मावळातली माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांबरोबर शेतकरी उभे राहिले ते याच कारणासाठी. माझ्या वर्गातल्या दोघांची आजोळं पाण्याखाली आहेत. आराखडा वाचताना मला तेही आठवत राहिलं, आणि दोन्हींचा हिशेब मला अजून एका ओळीत मांडता आलेला नाही.

तळेगावात बाबासाहेबांचं घर होतं. कान्ह्याहून लोकलने वडगाव, मग तळेगाव. दहावीत मी रोज क्लासला तिकडे जायचे आणि हे माहीत नव्हतं. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा दामोदर खोऱ्यातली तिलैया आणि कोनार ही धरणं झाली होती, मैथॉन बाकी होतं. महानदीवरच्या हिराकूडसाठीही त्यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला परिषद घेतली होती. त्या धरणाचं उद्घाटन १३ जानेवारी १९५७ ला झालं.