रत्नांना पाण्यात तोलणारा विद्वान : अल-बेरुनी

रमजान महिना आला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर गाठीशी राहिलेली संपत्ती ठराविक मर्यादेपेक्षा, म्हणजे 'निसाब'पेक्षा जास्त असेल, तर तिचा अडीच टक्के वाटा गरिबांना द्यायचा. ही मर्यादा सोन्यासाठी साडेसात तोळे आणि चांदीसाठी साडेबावन्न तोळे अशी आपल्याकडे सांगितली जाते. आता हिशेब सोन्याचा म्हटला की प्रश्न उभे राहतात. सोने खरे किती? त्यात तांबे किती, चांदी किती? अंगठीतला खडा माणिक आहे की माणकासारखा दिसणारा दुसराच एखादा दगड? असल्या प्रश्नांची उत्तरे तराजू आणि पाणी घेऊन शोधणारा एक विद्वान हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बेरुनी.

बेरुनींचा जन्म 4 सप्टेंबर 973 रोजी ख्वारिझम प्रांतातील कात या शहराजवळ झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे आणि तिथल्या गावाला आता बेरुनींचेच नाव दिले आहे. 'बेरुनी' म्हणजे शहराबाहेरचा, वेशीबाहेरच्या वस्तीतला. राजघराण्यातील गणितज्ञ अबू नस्र मन्सूर यांनी या हुशार मुलाला भूमिती आणि खगोलशास्त्र शिकवले. पण 995 मध्ये सत्तापालट झाला, आश्रय देणारे राजघराणे संपले आणि बाविशीतल्या बेरुनींना जीव वाचवण्यासाठी गाव सोडावे लागले. पुढची काही वर्षे आज या शहरात, उद्या त्या दरबारात अशीच गेली. अशा धामधुमीतही अभ्यास सुटला नाही. 997 मध्ये एकच चंद्रग्रहण त्यांनी ख्वारिझममधून आणि अबुल वफा यांनी बगदादमधून पाहिले. दोन्हीकडच्या वेळांतील फरकावरून दोन्ही शहरांच्या रेखांशातील अंतर काढले. इसवी सन 1000 च्या सुमारास त्यांनी इराणी, ज्यू, ख्रिस्ती, मुस्लिम अशा वेगवेगळ्या समाजांच्या कालगणनांवर आणि सणवारांवर मोठा ग्रंथ लिहिला. कोणाचा महिना चंद्रावर चालतो, कोणाचा सूर्यावर, कोण दोन्हींचा मेळ घालतो, हे त्यांनी सारख्याच आस्थेने समजावून दिले.

1017 मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिझम जिंकले आणि तिथल्या विद्वानांना आपल्या राजधानीत नेले. त्यांत बेरुनी होते, त्यांचे गुरू अबू नस्रही होते. बेरुनींचा दरबारात मान होता, पण मोकळीक नव्हती. पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात असताना त्यांच्याकडे एकही वेधयंत्र नव्हते. तेव्हा त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या मागच्या बाजूवर अंशांची कमान आखली, ओळंबा लावला आणि सूर्याची उंची मोजली. साधने नाहीत म्हणून काम थांबवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

महमूदच्या स्वाऱ्यांमुळे बेरुनींना पंजाबात येता आले. ते संस्कृत शिकले, पंडितांबरोबर बसून ग्रंथ वाचले आणि पतंजलीच्या योगविचाराचे अरबीत रूपांतर केले. झेलमच्या परिसरातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून त्यांनी क्षितिज किती खाली झुकते याचा कोन मोजला आणि पृथ्वीची त्रिज्या काढली. तो आकडा आजच्या आकड्याच्या बराच जवळ जातो. हा किल्ला ज्या डोंगररांगेत आहे, तीच मिठाची डोंगररांग. एकादशीच्या उपवासाला चालणारे सैंधव या रांगेतल्या खाणींत सापडते.

1030 मध्ये त्यांचा भारतावरील ग्रंथ पूर्ण झाला. त्यात मऱ्हाट देशाचा उल्लेख आहे आणि पुढे कोकण व त्याची समुद्रकाठची राजधानी ठाणे यांचाही. हिंदूंच्या श्रद्धा आणि शास्त्रे त्यांनी हिंदूंच्याच ग्रंथांतून सांगितली. जिथे पटले नाही तिथे तसे लिहिले, पण विपर्यास केला नाही. विशेष म्हणजे महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त झाली आणि इथली विद्या काश्मीर, वाराणसीसारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेली, हेही त्यांनी लिहून ठेवले. ज्या घराण्याचे अन्न खात होते त्याच घराण्याबद्दल असे लिहिणे सोपे नव्हते.

हीच सचोटी त्यांच्या खनिजांच्या अभ्यासात दिसते. सुलतान महमूदचा नातू मौदूद याच्या काळात, उतारवयात, त्यांनी 'किताब अल-जमाहिर' लिहिले. त्यात पहिल्या भागात माणिक, हिरा, मोती, पाचू, पिरोजा, अकीक, लोहचुंबक, काच अशांची माहिती आहे, तर दुसऱ्या भागात सोने, चांदी, पारा, तांबे, लोखंड, शिसे या धातूंची. कोणता दगड कुठे सापडतो, त्याचा रंग कसा, कठीणपणा किती, बाजारात भाव काय आणि नकली माल कसा ओळखायचा, हे सगळे त्यात आहे.

वजनाची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी वरून निमुळते होत जाणारे एक भांडे तयार करवले होते. त्याच्या गळ्याला बाहेर वळलेली बारीक नळी होती. भांडे नळीपर्यंत पाण्याने भरायचे, मग वजन केलेला धातू किंवा खडा आत सोडायचा. जेवढी जागा तो व्यापेल तेवढे पाणी नळीतून खाली तराजूच्या पारड्यात पडते. त्या पाण्याचे वजन आणि वस्तूचे वजन यांचे प्रमाण काढले की वस्तूची घनता कळते. सोने पाण्याच्या सुमारे 19 पट जड, चांदी साडेदहा पट, तांबे नऊ पट. त्यामुळे सोन्यात चांदी किंवा तांबे मिसळले तर रंगाने डोळे फसतील, पण पाणी फसत नाही. बेरुनींचे कित्येक आकडे आजच्या प्रयोगशाळेतील आकड्यांशी जवळपास जुळतात.

खड्यांचेही तसेच. बदख्शानचा लाल आणि खरे माणिक दोन्ही तांबडे, दोन्ही झळाळते. पण माणिक पाण्याच्या चौपट जड आणि जास्त कठीण, लाल त्यापेक्षा हलका आणि थोडा मऊ. बेरुनींनी हे दोन खडे वेगळे मांडले. युरोपात मात्र पुढे कित्येक शतके लाल हा माणिक म्हणूनच खपत राहिला. ब्रिटिश राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' हा प्रत्यक्षात लालच आहे.

त्या काळी लोक मानत की पाचू पाहिला की साप आंधळा होतो. मोठमोठ्या ग्रंथांतही तसे लिहिलेले होते. बेरुनींनी सापाच्या गळ्यात पाचूची माळ घातली, टोपलीत पाचू पसरले, त्याच्यापुढे पाचूची लड हलवून पाहिली. उन्हाळा आणि हिवाळा धरून नऊ महिने हा प्रयोग चालला. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही आणि त्यांनी तसे नोंदवून टाकले.

या ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनी एक विचार मांडला आहे, तो रमजानच्या दिवसांत आठवण्यासारखा आहे. सोन्याचांदीने भूक भागत नाही, तहान शमत नाही, थंडी-उन्हापासून बचाव होत नाही. माणसांनी व्यवहारासाठी त्यांना मोल दिले आहे. ते हातोहात फिरत राहिले तरच त्यांचा उपयोग, पुरून ठेवले तर त्यांचा हेतूच बुडतो. जकातीमागेही हाच विचार आहे.

स्वतः बेरुनी तसेच वागले, असे सांगतात. खगोलशास्त्रावरील त्यांचा मोठा ग्रंथ सुलतान मसूदला अर्पण केला, तेव्हा बक्षीस म्हणून हत्तीवर लादून चांदी आली. आपल्याला तिची गरज नाही, असे कळवून त्यांनी ती खजिन्यात परत पाठवली.

1048 च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले. शेवटच्या घटकेची एक आठवण जुन्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. भेटायला आलेल्या एका कायदेपंडिताला त्यांनी वारसाहक्काच्या एका किचकट मुद्द्याबद्दल विचारले. अशा अवस्थेत हे कशाला, असे त्या पाहुण्याला वाटले. पण अजाण राहून जाण्यापेक्षा जाणून जाणे बरे, असे बेरुनींचे म्हणणे पडले. पाहुण्याने मुद्दा समजावला, बेरुनींनी तो लक्षात घेतला. पाहुणा निघून रस्त्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला.